'लोक' हा शब्द काढून टाका



मंचावर येण्याआधी निमंत्रणपत्रिका नीट वाचली. 'साहित्यिक' एका पानावर आहेत, 'लोककलावंत' दुसऱ्या पानावर. साहित्यिकांना सकाळची वेळ, दंडार हा आपल्याकडचा नाट्यप्रकार करणाऱ्यांना रात्रीच्या जेवणानंतरची. या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मला या वाटणीवरच बोलायचं आहे, आणि गोड बोलायचं नाही.

आपल्या घरात साहित्य म्हणजे काय? पूजेचं साहित्य, स्वयंपाकाचं साहित्य. एखादं काम उभं राहायला जे जे सोबत लागतं ते. संस्कृतातल्या 'सहित' शब्दातही हीच सोबत आहे. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सोबतीला काव्य म्हटलं. त्यात कागद कुठे आला? शाई कुठे आली? 'वाङ्मय' तर उघडच वाणीचं. लिपीची अट 'लिटरेचर'बरोबर आली, कारण त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं 'अक्षर' आहे. तो अर्थ आपण आपल्या जुन्या शब्दावर चढवला, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर मिळू दिलं नाही त्यांनाच साहित्याच्या दाराबाहेर बसवलं. १८७८ साली पुण्यात पहिलं संमेलन भरलं, तेही 'ग्रंथकारां'चं. १८८५ मध्ये पुन्हा ग्रंथकार जमणार होते, तेव्हा जोतीराव फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून यायचं नाकारलं. ते पत्र प्रत्येक संमेलनाध्यक्षाने भाषण लिहायला बसण्याआधी वाचावं.

आता आपल्या भंडाऱ्याकडे या. चक्रधरस्वामींचे शिष्य निळभट्ट भांडारेकार आपल्या गावाचं नाव वागवतात. त्या स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या. कशा? ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं होतं, त्यांना गाठून, विचारून. त्यातून लीळाचरित्र झालं. मराठी गद्याचा आद्यग्रंथ म्हणून जो आपण शिकवतो, तो माणसांच्या तोंडून उतरवलेला आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी उतरवून ठेवली, १९५२ साली पुस्तक निघालं आणि त्या थोर कवयित्री ठरल्या. मला सांगा, पुस्तक निघण्याआधी शेतात गाताना त्या कोण होत्या?

मग लाखांदूरच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणारी बाई जे गाणं जुळवते, ते फक्त 'लोकगीत' कसं? संग्रहाच्या मुखपृष्ठावर संकलकाचं नाव ठळक, आणि आत तिच्या नावाच्या जागी 'एक वृद्ध स्त्री'. हे तीन शब्द वाचले की माझा संताप होतो. तिला नाव आहे. अख्ख्या गावाला ते ठाऊक आहे. कुणी विचारलं नाही, एवढंच.

आणि बोली! आपल्या भागातल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र'. लहानपणी माझ्या वहीतल्या 'पानी'वर लाल रेघ आली आणि त्यानंतर कित्येक वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीहून या बोलीची चळवळ उभी केली, तिचा कोश केला. १९९२ पासून झाडीबोलीची संमेलनं भरू लागली. एवढं होऊनही दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई नावाच्या जत्रेत रात्रभर चालणारी दंडार आपल्या लेखी 'करमणूक' आहे. हातात कागद न धरता, समोरच्या माणसांचे चेहरे वाचत जो नट बोलणं रचतो, त्याच्या शब्दाला अर्थाची सोबत नाही, असं म्हणायची इथे कुणाची छाती आहे? असेल त्याने उठून बोलावं, मी ऐकायला बसतो.

'लोक' हा शब्द आपण मानाने लावतो, असं मला सांगितलं जातं. मान असेल तर मानधन सारखं द्या, वेळ सारखी द्या, पान एकच छापा.

मला चाळीस मिनिटं दिली होती. उरलेली मी दंडारीला देतो. मंडळी मंडपामागे ढोलकी घेऊन बसली आहेत. त्यांनी रात्रीची वाट पाहू नये, आत्ता दिवसाउजेडी मंचावर यावं. आणि सूत्रसंचालकांनी आधी मागे जाऊन प्रत्येकाचं नाव-गाव लिहून आणावं, मगच पुकारावं.