अक्षरांचें पक्वान्न
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांच्या मनांत शंका आली असेल. अक्षर हा डोळ्यांचा विषय आणि पक्वान्न हा जिभेचा. या दोहोंची गांठ कोठें पडावी? परंतु अक्षर आणि खाऊ यांचा संबंध फार जुना आहे. रोमन कवि होरेस इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत होऊन गेला. त्याच्या एका उपरोधिक काव्यांत असा उल्लेख आहे कीं, मुलांनीं मूळाक्षरें शिकावीं म्हणून प्रेमळ गुरुजी त्यांना गोड वड्या देत. इंग्लंडांत १८ व्या शतकाच्या आरंभीं आलें घातलेल्या गोड पावाच्या पाट्या मुलांना देत. त्यांवर अक्षरें उठविलेलीं असत आणि जें अक्षर ओळखलें तें मुलानें खाऊन टाकावें अशी गंमत असे. मध्ययुगांत युरोपांतील यहुदी लोक मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशीं पाटीवरील अक्षरांना मध लावीत व तो त्याच्याकडून चाटवीत. हॉलंडांत डिसेंबरच्या ५ तारखेस संत निकोलसाचा सण असतो, तेव्हां आजहि आद्याक्षराच्या आकाराचें चॉकलेट मुलांना देतात. आपल्याकडे ताटांत तांदूळ पसरून, मुलाचें बोट धरून 'श्री' गिरविण्याची चाल आहेच. मुलाच्या आयुष्यांतलें पहिलें अक्षर अन्नावरच उमटावें ही कल्पना मला नेहमीं मोठी गोड वाटत आली आहे.

या सर्व उदाहरणांत खाऊनें अक्षराचें रूप घेतलें आहे. आज मला याच्या उलट गोष्टीबद्दल सांगावयाचें आहे. अक्षरानें खाऊचें रूप घ्यावयाचें ठरविलें तर काय काय करावें लागतें, आणि तसें केल्यानें आपल्या लिपीचें हित होतें कीं अहित, हे दोन प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें. ही कल्पना हवेंतली नव्हे. मुंबईतील 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या मंडळानें २०१० नंतरच्या दशकांत 'मोदक' नांवाचा एक फाँट, म्हणजे मुद्राक्षरांचा संच, तयार केला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनीं त्यांतील देवनागरी अक्षरें घडविलीं. गुबगुबीत, फुगीर, एकमेकांस खेटून बसलेलीं अशीं तीं अक्षरें आहेत. पंगतींत पोटभर जेवून बसलेल्या बाळगोपाळांची आठवण व्हावी असें त्यांचें रूप आहे.

आतां असें अक्षर घडतें कसें तें पाहूं. अक्षराचें रूप तें कोणत्या हत्यारानें काढलें यावर पुष्कळसें अवलंबून असतें. आपल्या देवनागरींत कोठें जाड तर कोठें बारीक रेघ दिसते, ती बोरूच्या तिरप्या कापामुळें. बोरू एका दिशेनें ओढला कीं रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेनें ओढला कीं बारीक. खाऊच्या पदार्थांत मात्र हत्यारें निराळीं. जिलेबीचें पीठ कापडाच्या भोंकांतून पडतें; त्याच्या रेघेची जाडी सारखीच राहते व हात मध्यें उचलतां येत नाहीं. 'ळ' आणि 'इ' यांना हें मानवतें; परंतु 'प'चा ताठ काना जिलेबीच्या हातानें काढणें कठीण. चकली सोऱ्यांतून उतरते. तिची रेघहि एकसारखी, पण तिला काटे असतात. मोठ्या पाटीवर ते काटे शोभतील; बारीक छापलें तर वाचकास वाटेल कीं छपाईच वाईट झाली. शंकरपाळे कातण्यानें कापलेले. त्यांत सारे कोन, वळण मुळींच नाहीं. यावरून ध्यानांत येईल कीं, 'पदार्थासारखें अक्षर' म्हणजे अक्षराभोंवतीं पदार्थाचें चित्र काढणें नव्हे. पदार्थ करणाऱ्या हाताची चाल अक्षरांत उतरली पाहिजे, आणि ती चाल सर्व अक्षरांना पेलली पाहिजे.

मोदकाची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे. मोदक हा रेघेचा पदार्थच नव्हे. तो भरीव आकाराचा पदार्थ. येथें काळी शाई म्हणजे उकडीची फुगलेली पारी आणि अक्षरांतील पांढऱ्या जागा म्हणजे दोन कळ्यांमधल्या खांचा. ज्या भगिनी उकडीचे मोदक करतात त्यांना ठाऊक आहे कीं, खांच पुरेशी रेखीव पडली नाहीं तर मोदकपात्रांतून बाहेर निघेपर्यंत कळी नाहींशी होते आणि मोदकाचा नुसता गोळा हातीं येतो. जाड अक्षराचेंहि असेंच आहे. आंतील पांढरी रेघ अति बारीक ठेवली तर शाई पसरून ती बुजते, आणि रुंद ठेवली तर अक्षराचा गुबगुबीतपणा जातो. या दोन टोकांच्या मध्यें नेमकी जागा शोधणें हेंच या कामांतलें खरें कौशल्य होय. 'मोदक'च्या रचनाकारांनीं प्रत्येक अक्षर प्रथम हातानें रेखाटून मग संगणकावर काढलें, तें याच कारणासाठीं. अक्षर किती जाड करावें म्हणजे तें अजून वाचतां येईल, याची जणूं त्यांनीं परीक्षाच घेतली.

या ठिकाणीं समर्थ रामदासांचें स्मरण होतें. दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल असावें, सरळ असावें, मोकळें असावें, असा समर्थांचा आग्रह आहे. आणि ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारें एकाच टांकानें लिहिलें आहे असें वाटावें, असेंहि ते सांगतात. हा दुसरा नियम म्हणजे चांगल्या मुद्राक्षरसंचाचें लक्षणच होय. फाँटमधील शेंकडों आकार एकाच हातचे दिसले पाहिजेत. पहिल्या नियमापैकीं गोलवा तर मोदकाच्या अंगचाच आहे. अडचण आहे ती मोकळेपणाची.

ही अडचण प्रत्यक्ष अक्षरें घेऊन पाहूं. 'घ' आणि 'ध' यांत भेद कोणता? 'घ'ची शिरोरेखा अखंड, 'ध'ची तुटलेली व टोकाला वळण घेतलेली. 'म' आणि 'भ' यांचेंहि तसेंच. नेहमींच्या अक्षरांत ही फट सहज दिसते. अक्षर फुगविलें कीं पहिला घाला या फटीवरच पडतो. ती बुजली तर 'धन'चें 'घन' होईल आणि 'भात' मागणाऱ्याच्या पानांत 'मात' पडेल. 'ब'च्या आणि 'ष'च्या पोटांतील तिरपी रेघ बुजली तर 'ब'चा 'व' आणि 'ष'चा 'प' होतो. 'ख'चे दोन भाग दूर गेले तर तो 'रव' वाचला जातो. म्हणून जाड अक्षर काढणारानें कोणती पांढरी जागा केवळ शोभेची आहे आणि कोणती अर्थाची आहे याचा विवेक आधीं करावा लागतो. शोभेची जागा आकसली तरी चालेल. अर्थाच्या जागेस धक्का लागतां कामा नये.

पुढची अडचण स्वरचिन्हांची. रोमन लिपींत लहानमोठीं धरून ५२ अक्षरें एका ओळींत उभीं राहतात. आपल्या लिपींत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायांशीं उकार, ऋकार. आणि शेजारीं जोडाक्षरांची गर्दी. मूळ आकार व जोडाक्षरें मिळून आकारांची संख्या कित्येक शेंकड्यांवर जाते. 'मूर्तींत' हा एकच शब्द घ्या. खालीं दीर्घ ऊकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. हीं सर्व चिन्हें अक्षराइतकींच जाड केलीं तर डोक्यावर माडी चढावी तसें होईल आणि दोन ओळींमध्यें हातभर अंतर ठेवावें लागेल. नुसतीं बारीक केलीं तर तीं परक्या घरचीं दिसतील. म्हणून 'मोदक'मध्यें उकार, ऋकार आणि मात्रा यांची स्वतंत्र व्यवस्था बसवावी लागली. वरवर खेळकर दिसणाऱ्या वस्तूमागें किती शिस्त असते याचें हें उत्तम उदाहरण आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळांत हें कितपत साधलें असतें? जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या सुबक टाइपानें त्या छापखान्याचें नांव देशभर झालें. परंतु त्या वेळीं एकेका आकाराचा पोलादी ठसा हातानें कोरावा लागे. इतके श्रम नित्याच्या ग्रंथांसाठीं करणें परवडे. सणापुरत्या अक्षरासाठीं शेंकडों ठसे कोण कोरणार? म्हणून हौसेचीं अक्षरें चित्रकारांच्या कुंचल्यांतूनच येत. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांचीं अक्षरें पुष्कळांना आठवत असतील. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांत दिसे. परंतु तें एकेका नांवापुरतें काम. संगणक आल्यावर एकदां घडविलेलें हौसेचें अक्षर कोणालाहि कोणत्याहि शब्दासाठीं वापरतां येऊं लागलें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळतों. यांत लिपीचें हित आहे काय? कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात कीं, अक्षर म्हणजे ज्याला क्षय नाहीं तें. त्याची अशी थट्टा करूं नये. त्यांच्या भावनेचा मी आदर करतों. परंतु आपल्याच स्वयंपाकघरांत पाहा. रोजची भाकरी वेगळी आणि चतुर्थीचा मोदक वेगळा. मोदक केल्यानें भाकरीचा अपमान होत नाहीं. आणि रोज मोदक खाऊन कोणी जगतहि नाहीं. संगणकावर मराठी वाचतांना अनेक वर्षें ज्या 'मंगल' अक्षरांनीं आपली सोबत केली, तीं प्रा. र. कृ. जोशी यांनीं घडविलीं. तीं रोजच्या भाकरीसारखीं. तीं वाचतांना अक्षराकडे लक्ष न जातां अर्थाकडे जातें. 'मोदक'चें काम निराळें. तें मथळ्यासाठीं, आमंत्रणपत्रिकेसाठीं, मुलांच्या पुस्तकाच्या वेष्टनासाठीं. त्या अक्षरांत चार पानांचा निबंध छापला तर वाचकास अजीर्ण होईल.

याच कारणानें एक गोष्ट मी शिक्षक म्हणून आग्रहानें सांगतों. पहिलीच्या मुलाच्या अंकलिपींत असें अक्षर घालूं नये. आम्ही 'ग म भ न' या क्रमानें शिकवीत असूं, कारण त्या अक्षरांची घडण एकमेकांपासून निघते. ती घडण मुलास स्वच्छ दिसली पाहिजे. माझ्या वर्गांत एका मुलास 'घ' आणि 'ध' यांतील भेद कित्येक महिने उमगेना. फळ्यावर लिहून झालें, गिरवून झालें. शेवटीं त्याच्या आईस सांगितलें कीं, पोळ्या करतांना त्याला थोडी कणीक द्या आणि तिच्या वळ्यांनीं हीं दोन अक्षरें घडवूं द्या. 'ध'चें वळण बोटांनीं वळवितांना त्याला तो भेद समजला, आणि पुन्हां कधीं तो चुकला नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, आधीं हाताला अक्षराची घडण कळावी, मग डोळ्यांनीं त्याचा खेळ पाहावा. ज्याला मूळ रूप ठाऊक आहे त्यालाच फुगलेल्या रूपाची गंमत कळते.

परंतु ही मर्यादा सांभाळली तर अशा अक्षरांची आपल्याला फार गरज आहे, असें मला वाटतें. मुलें दुकानांत जातात तेव्हां गोळ्याबिस्किटांच्या वेष्टनांवर रोमन अक्षरें नाचतांना दिसतात. त्याच मुलांना मराठी अक्षरें भेटतात तीं बहुधा पाठ्यपुस्तकांत, सरकारी सूचनेंत आणि अर्जावर. मग मुलाची समजूत अशी होते कीं, मौज त्या लिपींत आणि काम या लिपींत. ही समजूत एकदां मनांत रुजली कीं, ती व्याख्यानांनीं निघत नाहीं. भाषेवरचें प्रेम सक्तीनें येत नाहीं. तें सणासुदीच्या आठवणींतून येतें. मराठी अक्षरानें मुलाला एकदां हंसविलें पाहिजे. त्यासाठीं आपल्या लिपीला रोजच्या कपड्यांबरोबर सणाचेहि कपडे हवेत.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'मोदक' हा फाँट मुक्त परवान्याखालीं दिलेला आहे. तो कोणीहि वापरावा, त्यांत फेरफार करावा, दुसऱ्यास द्यावा. मात्र नुसता फाँट विकून पैसे करूं नयेत. प्रसादाचा नियम याहून निराळा तो काय? प्रसाद सर्वांना वाटावा. त्याचें दुकान मांडूं नये.

शेवटीं, श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांना एक सुचवितों. येत्या सुटींत मुलांना आपल्या नांवाचीं अक्षरें एखाद्या पदार्थासारखीं काढावयास सांगा. पदार्थ त्यांनींच निवडावा. काढून झाल्यावर तो कागद घरांतील दुसऱ्या माणसाला दाखवावा आणि त्याला तें नांव वाचतां येतें कीं नाहीं तें पाहावें. न वाचतां आलें तर कोणती पांढरी जागा बुजली हें मुलानेंच शोधून काढावें. अक्षराचा विचार करण्याचा हा पहिला धडा होय, आणि त्याला फी पडत नाहीं.