समाजशास्त्राचा आरसा
(श्रीरामपूर येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



“समाजशास्त्र शिकून मुलगी करणार काय?” असे आपल्यातील एका पालकांनी आम्हांस विचारले. कन्या बी. ए. झाली असून तिला पुणे विद्यापीठात तोच विषय घेऊन एम. ए. करावयाचे आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. तथापि आम्ही कन्येचाच पक्ष घेतला. त्याचे कारण निवेदन करतो.

हे शास्त्र आपणांस परके नाही. मुंबई विद्यापीठात त्याचा विभाग १९१९ साली निघाला व मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. त्यांच्या शिष्या इरावतीबाई कर्वे यांनी १९२८ साली एम. ए. च्या प्रबंधास विषय घेतला तो स्वतःच्याच चित्पावन ज्ञातीचा. त्यापूर्वी, १९१६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून प्रतिपादिले, की जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे.

आणि अभ्यासास दूर कशास जावे? आपले श्रीरामपूर बेलापूर रेल्वे स्टेशनाभोवती वाढले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस पिकला, साखर कारखान्यांपाठोपाठ ठिकठिकाणचे व्यापारी, मजूर, कारागीर आले. कोण कोठून आला, कोण कोणाच्या पंक्तीस बसला, हे टिपून ठेवणे म्हणजेच समाजशास्त्र होय.

परंतु या आरशात आपलेही मुख दिसते. ही कन्या बी. ए. ला असता प्रश्नावली घेऊन आमच्या घरी आली. तिने विचारले, “मंडळाने हुंड्याविरुद्ध ठराव केल्यावर किती विवाह विनाहुंडा झाले?” आम्हांस राग आला. रात्री जुन्या स्मरणिका काढून पाहिल्या. ठराव दरवर्षी होता. आकडा एकदाही नव्हता. आमच्या चिरंजीवाच्या विवाहात ‘हौस’ म्हणून आम्ही जे स्वीकारले, ते कोणत्या रकान्यात लिहावे, हेही उमजेना. हुंडाबंदीचा कायदा तर १९६१ सालचा! दुसऱ्या दिवशी तिला बोलावून आम्ही ते खरे खरे लिहून दिले.

पालकहो, जी मुलगी आपणांस असा प्रश्न विचारते, ती ज्ञातीची वैरीण नव्हे. तिला पुण्यास पाठवावे. आणि मंडळाने पुढील स्मरणिकेत ठरावाखाली तो आकडा छापावा, तो कितीही लहान असो, एवढीच आमची विनंती आहे.