फॉल बाय द वेसाइड: राहून गेलेल्या कामांचं इंग्रजी

आज एकच वाक्प्रचार घेऊ: 'फॉल बाय द वेसाइड'. एखादं काम उत्साहाने सुरू होतं, मध्येच दुसरं काहीतरी निघतं आणि पहिलं मागे पडतं. 'बंद करा' असं कुणी म्हणत नाही, ते राहूनच जातं. अशा कामासाठी हा शब्दप्रयोग.

वेसाइड म्हणजे वाटेची कड. येशूच्या पेरणाऱ्याच्या दृष्टांतात काही बी वाटेच्या कडेला पडतं, पायांखाली तुडवलं जातं, पाखरं ते खाऊन टाकतात. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये हेच शब्द आहेत.

आता वापर. इथे प्रोजेक्ट स्वतः पडतो, आपण त्याला पाडत नाही. म्हणून 'आय फेल द प्रोजेक्ट' नाही, तर 'द प्रोजेक्ट फेल बाय द वेसाइड'. कुणाचं तरी दुर्लक्ष दाखवायचं असेल तर 'लेट' घ्या: 'शी लेट हर जर्मन लेसन्स फॉल बाय द वेसाइड.' आणि 'ऑन' नको हं, 'बाय'च.

खरी गंमत मीटिंगमध्ये होते. क्लायंट विचारतो, ॲपचं काय झालं? 'इट्स ऑन द बॅक बर्नर' म्हणालात तर अर्थ होतो, शेगडीच्या मागच्या बर्नरवर मंद आचेवर ठेवलंय. ठरवून मागे ठेवलंय, पुढे हातात घेऊ. 'इट फेल बाय द वेसाइड' म्हणालात तर त्याला ऐकू येतं, 'आमचं लक्षच राहिलं नाही.' काम पुन्हा सुरू करायचं असेल तर दुसरं वाक्य महागात पडेल. 'वी शेल्व्ड इट' म्हणजे सरळ बासनात गुंडाळलं. आपलं 'भिजत घोंगडं' मात्र यातल्या कशातच बसत नाही. तिथे निर्णयच झालेला नसतो, म्हणून 'अप इन द एअर' जवळचं.

इंग्लंडमधलंच उदाहरण घेऊ. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाला १८२३पासून सरकारचा पैसा मिळू लागला. १८३३मध्ये कारागीर जोसेफ क्लेमंटशी बिनसलं, काम थांबलं. मग बॅबेजचं मन ॲनालिटिकल इंजिनात गुंतलं. या टप्प्यावर 'फेल बाय द वेसाइड' अगदी चपखल. पण १८४२मध्ये सुमारे १७ हजार पौंड खर्चून झाल्यावर सरकारने हात काढून घेतला. तो उघड निर्णय होता, तिथे हा वाक्प्रचार चालणार नाही. 'द गव्हर्नमेंट अबँडन्ड इट' म्हणा.

पुढे त्याने डिफरन्स इंजिन नंबर दोनचे आराखडे काढले. यंत्र काही बनलं नाही. १९९१मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच आराखड्यांवरून ते बांधलं, आणि ते चाललं! मधली सुमारे १४० वर्षं त्या कागदांचं काय झालं, हे एका इंग्रजी वाक्यात सांगा पाहू. मी 'गॅदर्ड डस्ट' घेईन, कारण धूळ खात पडलेली गोष्ट झटकून परत वापरता येते.