राजा गेला, कौल कोणाकडे गेला?

परंपरेने रोमचे सात राजे इ.स.पू. 753 ते 509 या 244 वर्षांत बसवले आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पस्तीस वर्षे. शिवाय शेवटच्या तिघांपैकी दोघांचा खून झाला आणि तिसरा हाकलला गेला! हा हिशेब पटण्याजोगा नाही. इतिहासकार लिव्हीने ही हकिकत लिहिली तीही राजेशाही संपल्यावर जवळजवळ पाचशे वर्षांनी. म्हणून सारा कालखंडच दंतकथेत जमा करण्याची घाई काहींनी केली. पहिल्या राजाला, रोम्युलसला, लांडगीने दूध पाजले की नाही, हा प्रश्न खुशाल सोडून द्या; पण राजेशाहीचे जे अवशेष पुढच्या प्रजासत्ताकात अडगळीसारखे पडून राहिले, त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. रोमची गादी बापाकडून मुलाकडे जाणारी नव्हती.

राजा वारला की देवांचा कौल घेण्याचा अधिकार सिनेटमधल्या कुलीनांकडे परत येई. त्यांच्यातला एकेक जण पाच-पाच दिवस ‘इंटररेक्स’, म्हणजे मधल्या काळापुरता राजा होई आणि नवा राजा सुचवला जाई. मग तीस क्युरियांची, म्हणजे नागरिकांच्या तीस गटांची सभा त्याच्या अधिकारावर शिक्कामोर्तब करी. हे सगळे पुढच्या लेखकांनी आपल्या काळावरून मागे ढकलले, असा आक्षेप आहे. पण राजा या नावाचाच तिटकारा असलेल्या शहराने कॉन्सल, म्हणजे प्रजासत्ताकाचे सर्वोच्च अधिकारी, नसताना निवडणूक घेणाऱ्याला हे नाव आपण होऊन का द्यावे? इ.स.पू. 82 मध्ये सुल्लाला हुकूमशहा करण्याचा ठराव आणणारा व्हॅलेरियस फ्लॅकस इंटररेक्सच होता. सिसेरोच्या काळी क्युरियांच्या सभेला लोक येतच नसत; त्यांच्या वतीने तीस दंडधारी उभे राहत आणि काम उरकून जाई. इतका निर्जीव उपचार कोणी नव्याने रचत नाही. आणि 1899 मध्ये फोरममधल्या काळ्या फरशीखाली सापडलेल्या अतिप्राचीन शिलालेखात राजाचा उल्लेख आहे. ही तर अक्षरशः काळ्या दगडाखालची रेघ!

टार्क्विन घराण्याचे काय, असे कोणी विचारील. सर्व्हियस टुलियस हा आधीच्या टार्क्विनचा जावई, आणि त्याच्यानंतरचा गर्विष्ठ टार्क्विन सर्व्हियसचा जावई. नाते होते, हे खरे. पण परंपरेने त्या शेवटच्या राजावर ठेवलेला ठपका पाहा: सिनेटची संमती नाही, लोकांचे मत नाही, आणि हा गादीवर बसला. वारसाहक्क सर्वमान्य असता, तर या आरोपाला काही अर्थच उरला नसता. इ.स. 48 मध्ये सम्राट क्लॉडियसने सिनेटपुढे हेच सांगितले की राजांनी शहर आपल्या घरात ठेवले नाही, बाहेरचे येत गेले: नुमा सॅबाइन, टार्क्विन एट्रुस्कन मुलखातून आलेला. भाषण गॉलमधल्या श्रीमंतांना सिनेटमध्ये घेण्यासाठी होते, तेव्हा त्यात वकिली होतीच. तरी ऐकणाऱ्यांना ठाऊक नसलेला इतिहास पुढे करून ती चालली नसती.

म्हणूनच, मला वाटते, इ.स.पू. 509 ची उलथापालथ दिसते तितकी खोल नव्हती. आज्ञाधिकार दोघा कॉन्सलांत वाटला गेला आणि त्याला वर्षाची मुदत पडली. कौल परत घेणारे सिनेटचे कुलीन होते तिथेच राहिले. राजाची काही धर्मकृत्ये मात्र राजाखेरीज होईनात. त्यांसाठी एक ‘यज्ञराजा’ तहहयात नेमला गेला, आणि त्याला राज्यकारभारातले कोणतेही पद घेण्याची मनाई झाली.