देयकावरील दोन अंक

वैद्यकीय देयकात रोगाची व उपचाराची नोंद असावी, हे ओघानेच आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र उपचार कोठे झाला, हेही दोन अंकांत नोंदवावे लागते. ११ म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, १२ रुग्णाचे घर, २१ रुग्णालयातील आंतररुग्ण विभाग, २३ तातडीच्या उपचारांचा विभाग. तुरुंगासाठी ०९ आहे. रस्त्यावर राहणाऱ्या निराधारांवर जागीच उपचार करणाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ पासून २७ हा अंक मिळाला. रस्त्यालाही अखेर यादीत स्थान लाभले म्हणावयाचे!

या अंकांना एवढे महत्त्व का, हे ‘मेडिकेअर’ या योजनेवरून ध्यानी येते. मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. तिच्यात अनेक उपचारांसाठी डॉक्टरांचे दोन दर आहेत. स्वतःच्या दवाखान्यात जागेचे भाडे, परिचारिकेचे वेतन, उपकरणे हा सारा भार डॉक्टरच सोसतो. म्हणून तेथील दर अधिक. रुग्णालयात हा खर्च रुग्णालय करते आणि त्याचे देयक निराळे पाठविते. म्हणून तेथे डॉक्टरांचा दर कमी. साहजिकच २२, म्हणजे रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, लिहावयाचे तेथे ११ पडले की सरकारी तिजोरीतून जादा रक्कम जाते. तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी अशा चुका वारंवार उघडकीस आणल्या आहेत.

रुग्णाची झळ याहून वेगळी आहे. डॉक्टरांचा दवाखाना एखाद्या रुग्णालयाने विकत घेऊन आपला बाह्यरुग्ण विभाग केला, तर डॉक्टर तेच, खोली तीच. परंतु अंक ११ चा १९ होतो. मुख्य आवाराबाहेरील अशा विभागांसाठी हा अंक २०१६ पासून आहे. मग देयके दोन येतात आणि सर्वसाधारणपणे २० टक्क्यांचा वाटा वृद्ध रुग्णाला दोहोंवर भरावा लागतो. २०१५ च्या कायद्याने नव्या विभागांच्या दरांना आळा घातला. जुन्यांना त्या वेळी सूट मिळाली.

दूरध्वनिचित्राद्वारे घरबसल्या तपासणी झाली, तर २०२२ पासून १० हा अंक लिहितात. रुग्ण अन्यत्र असल्यास ०२.

पुणे, नवी मुंबई येथील कित्येक तरुण-तरुणी अमेरिकेतील डॉक्टरांची ही देयके तयार करतात. पुष्कळदा संगणकावर ११ हा अंक आधीच भरलेला असतो. डॉक्टरांच्या टिपणात रुग्णालयाचा उल्लेख आढळला, तर तो अंक तसाच पुढे न धाडता डॉक्टरांच्या कार्यालयाकडे विचारणा करणे, हे त्यांचे काम असते.