वाऱ्यावर खटला भरता येतो का?

(मंडळाच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



गणपतीत कायद्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण मांडव, कमान, देणगीदारांचे फलक, दिव्यांच्या माळा हे सारे आपण रस्त्यालगत उभे करतो. तेव्हा कायद्यात निष्काळजीपणा कशाला म्हणतात ते आपल्याला ठाऊक हवे.

उदाहरण आपल्या चेन्नईतलेच घेऊ. १२ सप्टेंबर २०१९ रोजी पळ्ळीकरणै भागात दुभाजकावर एका लग्नाचा विनापरवाना फलक लावलेला होता. तो स्कूटरवरून जाणाऱ्या २३ वर्षांच्या इंजिनिअर मुलीवर पडला. ती खाली कोसळली आणि मागून येणारा पाण्याचा टँकर अंगावरून गेला. पुढे एका राजकीय नेत्याने म्हटले, खटला भरायचाच तर वाऱ्यावर भरा! मद्रास उच्च न्यायालयाने मात्र दुसऱ्याच दिवशी सरकारला ५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला सांगितले.

फलक लावणारा म्हणेल, टँकर येईल हे मला काय माहीत? पण नेमके कोणते वाहन, किती वाजता, हे कळण्याची गरजच नसते. सप्टेंबरात इथे संध्याकाळी वारा-पाऊस येतो, कच्चा बांधलेला फलक पडतो, खाली रहदारी असते. एवढे साध्या समजुतीच्या माणसाला आधी दिसण्यासारखे होते की नाही, इतकेच पाहिले जाते. यालाच वाजवी पूर्वकल्पना म्हणतात.

अर्थात प्रत्येक अपघाताला कोणीतरी जबाबदार असतोच असे नाही. राजकोटला १९७५ साली रस्त्याकडेचे झाड पडून एक कारकून गेला. प्रत्येक झाडावर सतत नजर ठेवण्याचा बोजा टाकता येणार नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेला मोकळे केले. त्याच्या बायकोमुलांचा विचार केला तर मला हा निकाल कठोर वाटतो. याउलट, दिल्लीच्या चांदणी चौकातला ८० वर्षांचा घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला, तेव्हा "दोष बाहेरून दिसत नव्हता" हा बचाव १९६६ मध्ये त्याच न्यायालयात टिकला नाही. मनोरा माणसाने बांधलेला, त्याची तपासणी व्हायला हवी होती. आपला मांडवही माणसेच बांधतात.

विजेच्या बाबतीत न्यायालये आणखी कडक आहेत. मध्य प्रदेशात कोणीतरी चोरून ओढलेली तार रस्त्यावर पडून सायकलस्वार दगावला. चोरी दुसऱ्याची, तरी २००२ मध्ये वीज मंडळालाच जबाबदार धरले गेले. म्हणजे आकडा टाकून रोषणाई करणे आपल्याकडे तर नकोच!

भरपाईशिवाय फौजदारी बाजूही आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मांडव कंत्राटदाराने घातला" हे उत्तर दर वेळी पुरत नाही.

कारखान्यात क्रेन चालवण्यापूर्वी साखळी तपासतात, हे इथल्या बहुतेकांना मी सांगायला नको. इथेही तसेच करू. विमा स्थापनेच्या आधी उतरवावा, परवानगीची प्रत मांडवात असावी, आणि पावसाची सर येऊन गेल्यावर कमानीचे दोर कोण पाहणार, त्याचे नाव आजच वहीत लिहावे.