वल्हं कोणाच्या हाती?

(नगर जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी हुंडा, पोटगी यांवर बोलणार नाही, मजेवर बोलणार आहे. हसू नका. बायकांच्या मजेवर आपल्या बैठकांत फार कमी बोललं जातं.

काही शहरांत लोक कयाक भाड्यानं घेऊन नदीत तासभर फिरून येतात. कयाक म्हणजे एकदोघांपुरती अरुंद होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. आपल्या सीनेत हे जमायचं नाही, पावसाळा सरला की तिथं सांडपाणीच उरतं. म्हणून दिवाळीनंतर आम्ही सहाजणी भंडारदऱ्याला गेलो. प्रवरा अडवून १९२६ साली पुरं झालेलं ते धरण.

पैसे पुढे केले, तर होडीवाला म्हणाला, "ताई, बरोबर जेन्ट्स कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर आम्हाला मोटारबोट दाखवली. शेजारी कॉलेजची पोरं कयाकमध्ये बसत होती. त्यांना पोहता येतं का, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. आम्ही हट्ट धरला, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि निघालो. पहिली दहा मिनिटं नुसत्या गोल फिरत होतो! मग जमलं. जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलेली आमची एक मावशी हंडा, बादली काही न घेता भर पाण्यात बसली होती आणि परत फिरायला तयार नव्हती.

ही कयाक मुळात आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांची. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत. पाणी आत येणार नाही असे टाके घालून कातडी शिवायच्या बायका; शिकारीला जायचे बहुधा पुरुष. ग्रीनलंडमध्ये बायकांची होडी वेगळी होती, मोठी आणि उघडी. तिला उमियाक म्हणत. मुलं, म्हातारी माणसं, सामानसुमान घालून बायकाच ती वल्हवायच्या. म्हणजे संसाराची होडी तिथंही बायकांकडेच!

लांब कशाला, आपल्या वेंगुर्ल्यात 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली. वल्हं त्यांच्याच हाती.

आता एक खरं सांगते. आम्हा सहाजणींत पोहता येणारी एकच होती. विहिरीवर भावांच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून त्यांना पाण्यात सोडायचे, तेव्हा आपण काठावर धुणं धूत होतो. ओले कपडे अंगाला चिकटतील, लोक बघतील, म्हणून मुलीला पाण्यात उतरू द्यायचं नाही. आणि धुणं धुताना, पाणी शेंदताना तिचाच पाय घसरला तर? तेव्हा ती अब्रू तिला वर काढत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक तालुक्याच्या गटानं जवळच्या पोहण्याच्या तलावावर बायकांसाठी राखीव वेळ आणि शिकवायला बाई मागावी. दुपारी बाराची वेळ दिली तर घेऊ नका. तेव्हा कामावरच्या बायका येऊ शकत नाहीत. पोशाखासाठी गटातून वर्गणी काढू. शिकायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वहीत नाव लिहावं. सासूचंही लिहा, चालेल.